सव्वातीनचे दुखणे आणि चौकटीतल्या चार ओळी

दुखणे दुपारी सव्वातीनला येत असे. फार तर पाच मिनिटे पुढे-मागे. जागा उजव्या डोळ्याच्या मागे. मुक्काम पाऊण तास ते सव्वा तास. असे रोज, सलग सहा ते आठ आठवडे. मग दहा-अकरा महिने काहीही नाही, इतके नाही की आपण उगाच बाऊ केला असे वाटावे. आणि मग पुन्हा एका जानेवारीत, सव्वातीनला.

मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. वेळ, जागा, कालावधी आधी लिहायची सवय त्या नोकरीची. हे लिहितानाही तीच पाळतो आहे, कारण या दुखण्यात वर्णनाचा काही उपयोग होत नाही. 'सहन होत नाही' असे म्हटले की ऐकणारा त्याला झालेल्या डोकेदुखीची आठवण काढतो आणि मान हलवतो. मला मान हलवणारी माणसे बारा वर्षे भेटली.

बारा वर्षांचे उपचार

उजवीकडच्या वरच्या दोन दाढा काढल्या. नाकाची पोकळी दोनदा धुतली. चष्म्याचा नंबर बदलला, तो नव्हताच असे नंतर कळले. अर्धशिशी समजून सूर्य उगवण्याआधी दुधात जिलेबी खाण्याचा उपाय एकवीस दिवस केला. बायकोच्या मामांनी दृष्ट काढली.

यातला प्रत्येक उपाय लागू पडला. ही सर्वांत चीड आणणारी गोष्ट. दाढ काढली आणि आठ दिवसांत दुखणे थांबले. जिलेबी खाल्ली आणि अठराव्या दिवशी थांबले. दुखण्याची मुदतच संपत आलेली असे. मोठ्या उपायाकडे माणूस सहाव्या-सातव्या आठवड्यात वळतो, आणि श्रेय त्याला मिळते. मामा अजून सांगतात की मिरच्यांचा ठसका आला नाही तेव्हाच त्यांनी ओळखले होते.

निदान

१९८८च्या फेब्रुवारीत माझी मोठी बहीण अक्का जळगावला आली. ती धुळ्याला असते. सव्वातीनला तिने मला गच्चीवर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीत बसवले. बायको सुमन प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिने रजा टाकली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी दाढांची, नाकाची आणि जिलेबीची कहाणी पूर्ण ऐकून घेतली. मग एकच प्रश्न विचारला.

"दुखतं तेव्हा अंधारात पडून राहता का?"

"नाही. फिरतो. बसवतसुद्धा नाही."

"घाण्याच्या बैलासारखे फिरतात," सुमन म्हणाली. "मध्येच थांबून भिंतीवर डोकं टेकतात. टेकतात म्हणजे आपटतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "किती वाजता?"

"सव्वातीनला."

"रोज?"

"रोज."

त्यांनी घड्याळ पाहिले. पावणेदोन झाले होते. "मग जेवून या. मला बघायचंय."

तीन वाजून बारा मिनिटांनी सुरू झाले. डॉक्टर माझ्या बरोबरीने खोलीत फिरले. बॅटरीने डोळा पाहिला. उजवा डोळा लाल, पाणी वाहते आहे, पापणी अर्धी मिटलेली, उजवीच नाकपुडी गळते आहे, डावी कोरडी. हे सगळे बारा वर्षे होत होते. कुणी सव्वातीनला थांबले नव्हते.

"याला क्लस्टर हेडेक म्हणतात. अर्धशिशी नाही. अर्धशिशीवाला पडून राहतो, हा फिरतो. दाढांशी याचा काही संबंध नव्हता."

दुखण्याला नाव मिळाले तेव्हा दुखत होतेच, तरी बरे वाटले. मग राग आला. दाढा परत येणार नव्हत्या.

खाट क्रमांक अकरा

तपासण्यांसाठी पाच दिवस धुळ्याच्या एका खासगी रुग्णालयात ठेवले. मूत्रपिंडाचे फोटो काढले. डोक्याच्या दुखण्याला मूत्रपिंडाचे फोटो कशाला, असे विचारले तर डॉक्टर म्हणाले, औषधासाठी लागतील.

वॉर्डाचा दिवस ठरलेला होता. पहाटे थर्मामीटर, मग चहा, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी, आणि फेरी गेली की नातेवाइकांचे डबे. त्यात माझ्या सव्वातीनची भर पडली. शेजारच्या खाटेवर पिंपळनेरचे एक आबा होते, हर्नियाचे ऑपरेशन झालेले. ते तीनपासून उशीला टेकून बसत.

"काय भाऊ, तुमनी गाडी ऊनी नही का आजून?"

"येईल आबा. पाच मिनिटं आहेत."

"एस्टीपेक्षा बरी शे. टाइमवर येस."

सगळा वॉर्ड हसे. हसणे दुपारी सव्वातीनला थांबे. त्यानंतर आबा कुणाला बोलू देत नसत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ऑक्सिजन लावून पाहिला. बसून, पुढे वाकून, तोंडावर मुखवटा घट्ट धरून. पंधरा मिनिटांत दुखणे उतरले. बारा वर्षांत ते मध्येच उतरण्याची ही पहिली वेळ. वॉर्डाच्या सिस्टर त्यानंतर तीन वाजून दहा मिनिटांनी नळकांडे स्वतः ढकलत आणत, न सांगता. या आजारात मिळालेल्या दयेची यादी लहान आहे, त्यात त्यांचे नाव पहिले. पण ऑक्सिजन आलेले दुखणे उतरवतो, उद्याचे थांबवत नाही. आणि नळकांडे घरी नेता येत नव्हते.

चिठ्ठी

निघायच्या दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याआधी मला समोर बसवले.

"तुम्ही पेपरवाले आहात, म्हणून स्पष्ट सांगतो. हे औषध एलएसडीच्या भावकीतलं आहे."

मी खुर्ची पुढे ओढली.

"आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो ना? परदेशात राय नावाच्या धान्यावर तशीच बुरशी पडते. त्या बुरशीतून एक आम्ल निघतं. त्याला प्रयोगशाळेत एक शेपूट जोडलं की एलएसडी होतं. वेगळं शेपूट जोडलं की हे होतं. मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन असतं, ते ज्या जागांवर जाऊन बसतं तिथे दोघांचंही येणंजाणं. पण एक भास घडवतं. दुसरं या मात्रेत तसं काही करत नाही, वेळेवर घेत राहिलं तर दुखणं यायचं थांबवतं. भावकीत एक दारुडा निघाला म्हणून सगळी भावकी दारुडी होत नाही."

मग अट सांगितली. सहा महिन्यांच्या वर सलग घ्यायचे नाही. मध्ये महिनाभर पूर्ण बंद. नाहीतर पोटाच्या मागच्या बाजूला, मूत्रपिंडाच्या नळ्यांभोवती, कधी छातीत, जून दोरखंडासारख्या गाठी धरतात. फोटो त्यासाठी काढले होते. दर सहा महिन्यांनी पुन्हा काढायचे.

त्यांनी चिठ्ठी फिरवून माझ्याकडे सरकवली. नाव होते मेथिसर्जाइड.

हे नाव मी आधी लिहिलेले होते. माझ्या हाताने, आमच्या दैनिकात, पहिल्या पानावर.

चौकट

१९८५च्या अखेरीस अमली पदार्थांचा नवा कायदा लागू झाला. वृत्तसंस्थेकडून आलेली बातमी इंग्रजीत होती. मी तिचे मराठी करून पहिल्या पानासाठी चौकट केली. गांजा, अफू, हेरॉइन, एलएसडी. मजकूर जुळवून झाल्यावर चौकट चार ओळी कमी भरली. जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा आवळायला जुळारी हातात किल्ली घेऊन उभा होता. अशा वेळी उपसंपादक शीर्षक फुगवतो किंवा ओळी शोधतो. मी ओळी शोधल्या.

स्टेशन रस्त्यावर कांतीशेठ यांचे औषधांचे दुकान होते. त्यांच्याकडे औषधांचे जाड इंग्रजी पुस्तक असे. मी फोन लावला आणि विचारले, एलएसडीच्या कुळातली आणखी औषधे कोणती? कांतीशेठनी चष्मा लावून तीन नावे वाचून दाखवली. एक अर्धशिशीचे, एक बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवण्याचे, आणि तिसरे मेथिसर्जाइड. मी लिहिले की या कुळातील ही औषधेही आता बंदीच्या कक्षेत येतील, असे समजते. बरोबर चार ओळी झाल्या.

'असे समजते' हे बातमीदार तेव्हा लिहितो जेव्हा त्याने कुणाला विचारलेले नसते. कायदा मी पाहिला नव्हता. चौकट पूर्ण भरली आणि मी चहा प्यायला गेलो.

दुकान

जळगावला परतल्यावर चिठ्ठी घेऊन कांतीशेठकडेच गेलो. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि काउंटरच्या काचेखाली बोट दाखवले. माझी चौकट तिथे चिकटवलेली होती. कागद पिवळा पडला होता, मजकूर स्पष्ट होता.

"हे बंद झालं, भाऊ. तुमच्याच पेपरात आलं होतं."

"शेठ, ते मीच लिहिलं होतं."

"मग तर तुम्हाला माहीतच आहे."

"चुकीचं लिहिलं होतं. नावं तुम्हीच दिली होती मला, फोनवर."

"मी नावं दिली. बंदी तुम्ही घातली."

मी विचारले की बाकीची दोन औषधे ठेवता का. ठेवतो, म्हणाले. अर्धशिशीचे रोज खपते, बाळंतपणाचे नसले तर डॉक्टरीणबाई दुकानात येऊन ओरडतील. जे रोज खपते त्याला पेपरातली बंदी लागत नाही. तिसरे वर्षातून एकदा कुणी मागणार, त्यासाठी कोण धोका पत्करील? शिवाय तपासणीला आलेल्या निरीक्षकांनी कात्रण पाहून "सावध आहात, चांगलं आहे" असे म्हटले होते. कांतीशेठना ते वाक्य पाठ होते.

"तुमच्या पुस्तकात तर औषध म्हणून दिलंय ना?"

"पुस्तक जुनं, पेपर नवा."

पुढच्या आठवड्यात धुळ्याला गेलो. अक्का बरोबर आली. तीन दुकानांत नकार मिळाला. चौथ्यात दुकानदाराने एक फाइल काढली. औषध विक्रेत्यांनी माहितीसाठी आपापसांत पाठवलेला कागद होता, त्यावर माझी चौकट जशीच्या तशी, 'असे समजते'सकट. दोन जिल्ह्यांत माझ्या चौकटीइतकी पोचलेली बातमी दुसरी नसेल.

अक्काने कागद हातात घेऊन दैनिकाचे नाव वाचले. "हाई तुनाच पेपरमा ऊनं ना रे भाऊ?"

"हो."

"मंग सांग ना त्यासले, खोटं शे म्हनीसन."

"सांगितलं. पेपरवर विश्वास आहे त्यांचा. माझ्यावर नाही."

अक्का हसली नाही. तिला तीन वाजत आल्याचे दिसत होते.

डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या दुकानाला पत्र टाकले. उत्तर आले की हे औषध ठेवलेले नसते, मागणीवर आणवून देतो, पण मागणीपत्र परवानाधारक विक्रेत्याचेच लागेल. म्हणजे पुन्हा कांतीशेठ.

मग जे १९८५ साली करायला हवे होते ते केले. एका वकिलांच्या कार्यालयात बसून कायदा वाचला. शेवटी पदार्थांची यादी आहे. एलएसडी तिथे आहे. मेथिसर्जाइड नाही, बाकीची दोनही नाहीत. मी यादी तीनदा वाचली. तिला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. वकिलांच्या शिक्क्यासह नक्कल करून कांतीशेठना नेऊन दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली.

"हे इंग्रजी आहे, भाऊ. निरीक्षक आले तर मी काय, वकिलाचा कागद दाखवू? तुमच्या पेपरात छापून आणा. त्याच्यावर चिकटवतो."

दरम्यान दुखणे आता दिवसातून दोनदा येत होते. दुसरी वेळ सकाळी अकरा. यंदा आठ आठवडे उलटले तरी ते थांबले नव्हते.

खुलासा

आमच्या संपादकांना सगळे अण्णासाहेब म्हणत. मी कात्रण, यादी आणि चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली आणि चार ओळींचा खुलासा छापायची परवानगी मागितली.

"दोन-अडीच वर्षांपूर्वीच्या चौकटीचा खुलासा? कुणी तक्रार केलीय?"

"मी करतोय."

"तुम्ही पगार घेता, तक्रार काय करता? आणि बघा, आपल्या नोकराला औषध मिळावं म्हणून पेपरनं खुलासा छापला असं कुणी म्हटलं तर? उद्या जाहिरातवाला येईल, त्याच्या मूळव्याधीसाठी एक छापा म्हणून."

"पण बातमी चूक होती."

"वाचकानं दाखवून दिली तर चूक. आपण होऊन सांगितली तर नामुष्की."

चीड येण्याचे कारण असे की अर्धी गोष्ट त्यांची बरोबर होती. स्वतःचा संबंध असलेला मजकूर स्वतः लिहायचा नाही, हा नियम मीच नव्या लोकांना शिकवत असे. तेव्हा वाचकाचे पत्र आले तर छापणार का, एवढे विचारून घेतले. छापू, म्हणाले.

घरी सुमनला सांगितले. आमचे त्या महिन्यात फारसे धड बोलणे होत नव्हते. दुखणे येऊन गेले की मी गप्प असे, यायचे असले की घड्याळाकडे पाहत असे. या दोन्हींच्या मध्ये ती शाळा, स्वयंपाक आणि माझ्या तब्येतीची विचारपूस करणारी माणसे सांभाळत होती.

"चार ओळी कमी पडल्या म्हणून?" तिने पुन्हा विचारले.

"हो."

"मला विचारायचं होतं. शिकरणाची कृती दिली असती. चार ओळींत बसते."

मग तिने पाठ तपासायची वही बाजूला ठेवली आणि पत्र लिहायला बसली. बावीस ओळींचे झाले. आपल्या दैनिकात अमुक चौकट आली होती, ज्या कोणी ती लिहिली त्याने कायदा वाचण्याची तसदी घेतलेली दिसत नाही, त्यामुळे रुग्णांना हकनाक त्रास होत आहे, असे पुढे. मेथिसर्जाइड हे नाव आणि ते कायद्याच्या यादीत नाही हे वाक्य तिने शेवटी ठेवले होते. ठासून सांगायचे ते शेवटी, असे ती मुलांना शिकवते.

नियमाप्रमाणे पत्र माझ्याच टेबलावर आले. मी त्यातला एक शब्द बदलला नाही. मथळा दिला, 'बंदी नसलेली बंदी'. पान चारसाठी सोडले. पान चार साडेतीनला बंद होत असे.

कात्री

सव्वातीनला मी छापखान्याच्या गच्चीवर होतो.

त्या वेळी खाली एका लग्नाची जाहिरात आली. पान लावणारे सहकारी कुलकर्णी यांना पत्रांच्या रकान्यातून चार ओळी काढाव्या लागल्या. त्यांनी सुमनच्या पत्राच्या शेवटच्या चार काढल्या. सकाळी अंक पाहिला तेव्हा पत्र 'त्यामुळे रुग्णांना हकनाक त्रास होत आहे' इथे संपत होते. कसले औषध, कसला कायदा, काही नाही.

"कुलकर्णी, नेमक्या त्याच ओळी?"

"मजकूर नेहमी खालून कापायचा, महत्त्वाचं वर असतं," कुलकर्णी म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत." मग थांबून म्हणाले, "तुम्ही असता तर विचारलं असतं. गच्चीवर यायला धजलो नाही."

त्यांच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. तरी ओरडलो. त्याबद्दल नंतर माफी मागितली.

तीन पावले

त्याच दिवशी दुपारी अंक घेऊन कांतीशेठकडे गेलो. पावणेतीन वाजले होते. कामाच्या गडबडीत वेळेचा अंदाज चुकला असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. खरे म्हणजे मला पर्वा उरली नव्हती.

कांतीशेठनी पत्र वाचले. "यात औषधाचं नाव कुठंय?"

"कापलं गेलं."

"मग मी चिकटवू काय?"

"शेठ, कायद्याची यादी आहे, डॉक्टरांची चिठ्ठी आहे, बातमी लिहिणारा समोर उभा आहे. आणखी काय आणू?"

"चिडू नका भाऊ. माझा परवाना आहे."

असे वीस-पंचवीस मिनिटे चालले. मग सुरू झाले. कांतीशेठनी स्टूल पुढे केले. बसता येत नव्हते. काउंटर आणि वजनकाटा यांच्यामध्ये तीन पावलांची जागा होती, तेवढ्यात मी फिरत राहिलो. दोन गिऱ्हाइके आली आणि निघून गेली. एकदा मी लोखंडी मांडणीच्या कडेवर कपाळ दाबून उभा राहिलो, तेव्हा बाटल्या वाजल्या. डोळ्यातून, नाकातून पाणी गळत होते. पाऊण तास.

उतरल्यावर त्यांनी पाण्याचा पेला दिला.

"हे असं होतं?"

"रोज. आता दोनदा."

त्यांनी काचेवर, कात्रणाच्या जागी बोट टेकवले.

"असाच एक आला होता," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली असतील. अमळनेरचा. हीच चिठ्ठी होती, मुंबईच्या डॉक्टरची. एक डोळा लाल, नाक गळतंय, एका जागी उभा राहीना. इथंच असा, पुढं-मागं, पुढं-मागं. आणि मागतोय काय तर एलएसडीच्या कुळातलं."

"मग?"

"मला वाटलं नशेबाज आहे. कात्रण दाखवलं. पोलिसांना फोन करतो म्हटलं."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. त्यानं कात्रण पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. आणि गेला."

"नाव?"

"चिठ्ठी परत दिली ना त्याला. नाव नाही लक्षात."

कांतीशेठनी मागणीपत्राचे पुस्तक काढले आणि माझ्यासमोर लिहिले. मग काच उचलून ब्लेडच्या पात्याने कात्रण खरवडले. कागद निघाला, डिंकाचा चौकोन राहिला. तो पुढे बरीच वर्षे दिसत होता.

त्यानंतर

गोळ्या अकराव्या दिवशी आल्या. पहिले दोन दिवस पायात गोळे आले, मळमळ झाली. भास झाले नाहीत. सुमन तेवढ्यासाठी दोन दिवस माझ्याकडे जरा जास्त पाहत होती. पाचव्या दिवशी सकाळची वेळ गेली. आठव्या दिवशी मी टेबलावर मजकूर तपासत होतो आणि कुलकर्णी म्हणाले, "चार वाजले." तेव्हा कळले.

अण्णासाहेबांनी पुढच्या आठवड्यात पत्राच्या कापलेल्या चार ओळी छापल्या, मी न सांगता. पान चारवर, केळीच्या भावाखाली. वर लिहिले होते, 'मागील पत्रातील राहून गेलेला मजकूर'. कोणती चौकट, कधीची, कुणाची चूक, याचा उल्लेख नव्हता. पहिल्या पानावरची चूक चौथ्या पानावर दुरुस्त झाली, तीही इतकीच.

दुखण्याने जुनी मुदत सोडली आहे, म्हणून आता सहा महिने गोळ्या, महिना बंद, मूत्रपिंडाचे फोटो, असा क्रम आहे. फोटो आतापर्यंत स्वच्छ आले. बंदचा महिना कठीण जातो. सव्वातीन जवळ आले की घरातले सगळे हळू बोलतात. हे औषध फुकटची कृपा नाही. ते कुणी स्वतःच्या मनाने घेऊ नये आणि डॉक्टरांनी थांबायला सांगितले की थांबावे.

अमळनेरला मी चार वेळा जाऊन आलो. औषधांच्या प्रत्येक दुकानात विचारले, तीन डॉक्टरांना भेटलो, तेलाच्या गिरणीच्या फाटकावर उभा राहिलो, कारण फिरणारा माणूस कुणाच्या ना कुणाच्या नजरेस पडलेला असतो. एकाने सांगितले की असा एक जण होता, दाढा काढून घेतल्या होत्या, मग बदली होऊन गेला. दुसऱ्याने सांगितले, असे कुणी नव्हते.

या दुखण्याविषयी लिहा असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा इतरांना उपयोग होईल म्हणून होकार दिला. होईल तर चांगलेच. पण मला एका वाचकाची गरज आहे. तो १९८६च्या सुमारास जळगावला स्टेशन रस्त्यावरच्या दुकानात आला होता. त्याचा एक डोळा लाल होता. काचेखालचे कात्रण त्याने दोनदा वाचले आणि त्यावर विश्वास ठेवला.

ते मी लिहिले होते. औषध बंद नव्हते. कधीच नव्हते.